अमेरिकेत चोरी सापडते, मेहेरबानी सुटते

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'माझा भाऊ बरीच वर्षं अमेरिकेत आहे. लायसन्स, घराची नोंदणी, मुलांची शाळा, कुठेही वरचा एक पैसा द्यावा लागला नाही असं तो सांगतो. इकडे बातम्यांत वाचतो की एकाच राज्याचे चार गव्हर्नर तुरुंगात गेले, एका सिनेटरच्या घरात सोन्याच्या विटा सापडल्या. मग खरं काय? आणि हे लोक पकडले जातात ते नेमके कसे?'

तुमचा भाऊ खरं सांगतो आणि बातम्याही खऱ्या आहेत.

शिकागोच्या आसपासची गावं, शाळा-मंडळं आणि पार्क डिस्ट्रिक्ट यांचं ऑडिट करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. इलिनॉयमध्ये अशा स्थानिक संस्था जवळपास सात हजार आहेत, देशात सगळ्यात जास्त. वाचनालयाचं मंडळ वेगळं, अग्निशमनाचं वेगळं, काही ठिकाणी डासांचा बंदोबस्त करणारंही वेगळं, आणि यातल्या बहुतेकांना स्वतःचा कर लावण्याचा अधिकार. त्यामुळे माझं उत्तर वॉशिंग्टनपेक्षा गावाच्या वहीतून आलेलं असेल. आणि हो, ते चार गव्हर्नर आमचेच. त्यातल्या डॅन वॉकर यांचा गुन्हा पद सोडल्यानंतरच्या बँक-फसवणुकीचा होता, तो या हिशेबात धरायला नको. उरले ऑटो कर्नर, जॉर्ज रायन आणि रॉड ब्लागोयेविच. कर्नर यांना रेसकोर्सचे शेअर्स स्वस्तात मिळाले होते. मालकीणबाईंनी तो व्यवहार आपल्या आयकर विवरणात धंद्याचा खर्च म्हणून दाखवला आणि तिथून धागा सापडला, असं आमच्याकडे सांगतात.

खिडकीवर पैसे का मागत नाहीत, याचं कारण तिथली माणसं फार सज्जन असतात हे नव्हे. खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात निर्णयच ठेवलेला नसतो. फी ठरलेली, ती कार्डाने किंवा चेकने भरायची, पावती यंत्रातून येते, अर्ज अडवायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. अडवणूक करायला जागा नाही म्हणून चिरीमिरी नाही. जिथे कुणाच्या 'हो-नाही'वर काम अटकतं, म्हणजे बांधकामाची तपासणी, दारूचा परवाना, जमिनीचा वापर बदलणं, तिथे अमेरिकेतही हात ओले होतात. शिकागोत १९७०च्या दशकापासून तीसहून अधिक नगरसेवकांना शिक्षा झाल्या आहेत. त्यांतली कितीतरी प्रकरणं या जमिनीच्या आणि परवान्याच्या सहीचीच आहेत, कारण वॉर्डातल्या झोनिंगवर, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी करायचा यावर, नगरसेवकाचा शब्द शेवटचा मानण्याची तिथे रीतच आहे.

लायसन्सबद्दल मात्र भावाला सांगा की आमच्या राज्यात ती खिडकीसुद्धा एकेकाळी बरबटलेली होती. इलिनॉयमध्ये वाहनचालकांचे परवाने 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' हे निवडून आलेलं पद सांभाळतं. १९९०च्या दशकात जॉर्ज रायन त्या पदावर असताना काही केंद्रांवर ट्रकचालकांना पैसे घेऊन परवाने दिले जात. १९९४ मध्ये मिलवॉकीजवळ एका ट्रकचा सुटा भाग रस्त्यावर पडला, मागून येणाऱ्या गाडीला आग लागली आणि एका कुटुंबातली सहा मुलं गेली. तो चालक असाच परवाना मिळवलेला होता. पुढच्या तपासात सत्तरहून अधिक लोकांना शिक्षा झाली. २००६ मध्ये खुद्द रायनही दोषी ठरले. त्यांना साडेसहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे राज्याचं पेन्शनही गेलं.

या प्रकरणातली एक गोष्ट भारतीय वाचकाच्या नजरेतून हमखास सुटते. परवान्यासाठी घेतलेल्या पैशाचा मोठा भाग कारकुनांच्या घरी गेला नाही. साहेबांच्या निवडणूक निधीच्या कार्यक्रमांची तिकिटं कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मारली जात, आणि ती खपवण्यासाठी लाच घेतली जाई. म्हणजे लाचेचा पैसा निधीच्या खात्यात पोचला, चेकने पोचला, आणि कागदावर देणगी झाला. अमेरिकेतला वरच्या पातळीवरचा भ्रष्टाचार समजून घ्यायचा तर नजर या निधीवर ठेवावी लागते. पाकिटाची गरज तिथे क्वचित पडते.

आता कायद्याकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. 'गंमत' म्हणतोय, पण करदात्याच्या खर्चाने.

निवडणुकीसाठी पैसा देणं हे अमेरिकेत घटनेने संरक्षण दिलेलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य मानलं जातं. १९७६ च्या बकले खटल्यात खर्चावरच्या मर्यादा उडाल्या, २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्या आणि संघटनांना स्वतंत्र प्रचारावर हवा तेवढा पैसा ओतायची मुभा मिळाली. त्यामुळे लाच सिद्ध करायची तर सरकारी वकिलाला 'पैसे दिले' आणि 'काम झालं' एवढं दाखवून भागत नाही. 'या कामासाठी हे पैसे' असा सौदा झाला होता हे दाखवावं लागतं. सौदा दोन माणसांच्या डोक्यात होतो. हुशार माणूस तो कागदावर आणत नाही, फोनवर बोलत नाही, आणि पुष्कळदा मोठ्याने उच्चारतही नाही.

त्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुप्रीम कोर्टाने ही रेघ आणखी आत ओढली आहे. व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल आणि त्यांच्या पत्नीने एका पूरक-औषधं विकणाऱ्या उद्योजकाकडून १ लाख ७५ हजार डॉलरहून अधिक किमतीच्या भेटी आणि कर्जं घेतली. त्यात रोलेक्स घड्याळही होतं. गव्हर्नरांनी त्याच्यासाठी अधिकाऱ्यांशी बैठका घडवून आणल्या, गव्हर्नर-निवासात त्याच्या उत्पादनाचा कार्यक्रमही झाला. ज्युरीने दोषी ठरवलं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने शिक्षा रद्द केली: बैठक ठरवून देणं, कार्यक्रम ठेवणं, कुणाला फोन करणं एवढ्याने ती 'अधिकृत कृती' होत नाही. वागणं शोभणारं नव्हतं हे कोर्टानेही नाकारलं नाही, पण गुन्ह्याची व्याख्या इतकी सैल ठेवता येणार नाही असं म्हटलं.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना जॉर्ज वॉशिंग्टन पूल वेगळा सांगायला नको. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये फोर्ट ली गावाच्या बाजूच्या मार्गिका मुद्दाम बंद करून चार दिवस वाहतूक तुंबवली गेली, कारण तिथल्या महापौरांनी गव्हर्नर ख्रिस्टी यांना निवडणुकीत पाठिंबा दिला नव्हता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने यात दोषी ठरलेल्या ख्रिस्टींच्या माणसांना पुन्हा एकमताने सोडलं. सत्तेचा गैरवापर होता हे मान्य, पण त्यातून कुणी पैसा किंवा मालमत्ता लाटायला गेलं नव्हतं, म्हणून केंद्रीय फसवणूक कायद्यात ते बसत नाही.

आणि २०२४ चं स्नायडर प्रकरण, जे माझ्या अगदी शेजारचं. इंडियानातलं पोर्टेज हे शिकागोपासून तासाभराच्या अंतरावरचं गाव. पालिकेने २०१३ मध्ये एका स्थानिक ट्रक विक्रेत्याकडून सुमारे ११ लाख डॉलरच्या कचरागाड्या घेतल्या. पुढच्या वर्षी त्याच विक्रेत्याने महापौर जेम्स स्नायडर यांना १३ हजार डॉलरचा चेक दिला. महापौर म्हणाले, सल्ल्याची फी. ज्युरीला ते पटलं नाही. सुप्रीम कोर्टात सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: केंद्रीय कायद्याचं जे कलम राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांना लागू होतं, त्यात आधी ठरलेली लाच येते, काम झाल्यावर दिलेली 'बक्षिसी' येत नाही. (कलमाचा क्रमांक ६६६ आहे. आमच्या ऑफिसात त्यावर विनोद होऊन होऊन झिजलेत.)

बहुमताचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. केंद्रीय अधिकाऱ्याने बक्षिसी घेतली तर कमाल दोन वर्षं शिक्षा, आणि गावच्या शिक्षकाला पालकाने आभाराचं गिफ्ट कार्ड दिलं तर दहा वर्षांचं कलम, असं संसदेला खरंच म्हणायचं असेल का? स्थानिक बक्षिशीचं काय करायचं ते राज्यांनी ठरवावं, असं कोर्ट म्हणतं. तरी माझं मत सांगतो. टेंडरच्या फायली बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला 'आधी' आणि 'नंतर' हा फरक भाबडा वाटतो. कंत्राटदार आणि महापौर एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. पहिल्या कामानंतर चेक आला की दुसऱ्या कामाच्या वेळी काही बोलायची गरजच उरत नाही. शिवाय केंद्रीय तपास यंत्रणा स्थानिक भ्रष्टाचारात पडते त्याचं कारणच हे की जिल्ह्याचा सरकारी वकील अनेकदा त्याच पक्षाचा, त्याच वर्तुळातला असतो. 'राज्यांनी बघावं' हे वाचायला बरं, पण बघणार कोण हा प्रश्न राहतोच.

मग मोठे मासे सापडतात तेव्हा कसे सापडतात? बहुतेक वेळा आतला माणूस आणि ध्वनिमुद्रण. मायकेल मॅडिगन १९८३ पासून २०२१ पर्यंत, मधली दोन वर्षं सोडली तर, इलिनॉय विधानसभेचे अध्यक्ष होते. अमेरिकेत कुठल्याही राज्यात इतका काळ ते पद कुणी सांभाळलेलं नाही. गृहस्थ मोबाइल वापरत नसत, ईमेल करत नसत. तपास यंत्रणेने त्यांच्या विश्वासू माणसाचा फोन ऐकला, आणि स्वतःच अडचणीत आलेल्या एका नगरसेवकाने अंगावर यंत्र लावून संभाषणं टिपली. वीज कंपनी कॉमएडने मॅडिगन यांच्या माणसांना फारसं काम न करता कंत्राटी नेमणुका देऊन सुमारे १३ लाख डॉलर वाटले होते. कंपनीने २०२० मध्ये ते मान्य करून २० कोटी डॉलर दंड भरला. मॅडिगन २०२५ मध्ये २३ पैकी १० आरोपांवर दोषी ठरले. साडेसात वर्षं आणि २५ लाख डॉलर दंड. तेवीसपैकी दहा, हा आकडा लक्षात घ्या. इतकी वर्षं, इतकी ध्वनिमुद्रणं, आणि तरी निम्म्याहून कमी आरोप टिकले.

ओहायोचं प्रकरण मला यापेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यात पैशाचा रस्ता स्वच्छ दिसतो. फर्स्टएनर्जी कंपनीच्या उपकंपनीची दोन अणुवीज केंद्रं तोट्यात होती. अशा ना-नफा संस्था असतात ज्यांना 'समाजकल्याण' म्हणून नोंदणी मिळते आणि देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. तशा एका संस्थेत कंपनीकडून सुमारे ६ कोटी डॉलर आले. त्या पैशातून लॅरी हाउसहोल्डर यांच्या बाजूचे उमेदवार निवडून आणले गेले, त्यांनी हाउसहोल्डरना राज्याच्या विधानसभेचं अध्यक्ष केलं, आणि २०१९ मध्ये ग्राहकांच्या वीजबिलातून १३० कोटी डॉलरचा आधार देणारा कायदा मंजूर झाला. लोकांनी कायदा रद्द करण्यासाठी सह्यांची मोहीम काढली, तर ती मोडून काढायलाही त्याच पोतडीतून पैसा आला. हाउसहोल्डरना २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. यातले ६ कोटी डॉलर त्याच संस्थेला त्याच मार्गाने दिले असते आणि फक्त सौद्याचा पुरावा मिळाला नसता, तर हा सगळा व्यवहार कायदेशीर देणगीच ठरला असता. ग्राहकाचं वीजबिल मात्र तेवढंच वाढलं असतं.

सोन्याच्या विटांचे सिनेटर म्हणजे न्यू जर्सीचे बॉब मेनेंडेझ. पहिल्या खटल्यात, २०१७ मध्ये, ज्युरीचं एकमत झालं नाही. २०२२ च्या झडतीत घरात ४ लाख ८० हजार डॉलरहून अधिक रोकड मिळाली, काही जॅकेटांच्या खिशांत कोंबलेली, शिवाय सोनं. २०२४ मध्ये ते सोळाही आरोपांवर दोषी ठरले आणि पुढच्या जानेवारीत अकरा वर्षांची शिक्षा झाली. असं सोनं घरात ठेवणारे अपवाद असतात, म्हणूनच त्यांची बातमी होते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सरकारी ऑडिटरांच्या अमेरिकेतल्या कुठल्याही प्रशिक्षणात डिक्सनचं नाव निघतंच. इलिनॉयमधलं सोळा हजार वस्तीचं गाव, रोनाल्ड रेगन यांचं बालपण तिथलं. रिटा क्रंडवेल ही गावची मुख्य हिशेबनीस. १९९० च्या डिसेंबरमध्ये तिने गावाच्या नावाने एक बँक खातं उघडलं, ज्याची माहिती तिच्याखेरीज कुणाला नव्हती. नाव असं दिलं की वाचणाऱ्याला सांडपाणी योजनेचा राखीव निधी वाटावा. राज्याच्या वाहतूक विभागाची खोटी बिलं बनवायची, गावाच्या भांडवली खात्यातून चेक काढायचा, तो या खात्यात भरायचा, आणि तिथून घोडे. चारशेच्या आसपास उमदे क्वार्टर हॉर्स, त्यांचे तबेले, ट्रेलर, चषक. पगार ऐंशी हजारांच्या घरातला. गाव समजत होतं की बाईंच्या घोड्यांना चांगली किंमत येते.

२०१२ मध्ये अटक होईपर्यंत तिने ५ कोटी ३७ लाख डॉलर काढले. एकट्या २००८ मध्ये ५८ लाख. गावात पैसा नाही म्हणून रस्त्यांची कामं पुढे ढकलली जात होती, पगारवाढी थांबत होत्या, आणि ती दर वर्षी शांतपणे सांगत होती की राज्याकडून येणारा कराचा वाटा उशिरा येतोय. इलिनॉय खरंच उशीर करायचं, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

या बावीस वर्षांत दर वर्षी ऑडिट झालं. हे वाक्य मी नव्या पोरांना दोनदा वाचायला लावत असे. ऑडिटर खाती तपासतो ती संस्थेने दिलेल्या यादीतली. यादी कोण देतं? हिशेबनीस. बँकेचं टपाल कोण उघडतं? हिशेबनीस. चेक कोण काढतं, जमा-खर्च कोण लिहितं, बँकेशी ताळमेळ कोण घालतं? सगळीकडे एकच माणूस. गावाचा कारभार बघणारे आयुक्त अर्धवेळ काम करणारे, आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून संध्याकाळी बैठकीला येणारे. तिच्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या सोयीचं होतं. शेवटी ती लांब रजेवर असताना गावच्या महिला क्लार्कने बँकेकडून सगळी स्टेटमेंटं मागवली आणि एक अनोळखी खातं तिच्या हातात आलं. तिने महापौरांना दाखवलं, महापौरांनी कुणालाही न सांगता एफबीआयला फोन केला. पुढचे कित्येक महिने दोघं रोज त्याच इमारतीत क्रंडवेलबाईंना 'गुड मॉर्निंग' म्हणत राहिले.

हे प्रकरण कोर्टात दमलं नाही. गुन्हा कबूल, एकोणीस वर्षं सात महिने शिक्षा, घोड्यांचा लिलाव. ऑडिट करणाऱ्यांनी आणि बँकेने मिळून ४ कोटी डॉलर तडजोडीत गावाला दिले. कारण इथे डोक्यातला सौदा सिद्ध करायचा नव्हता. चेकवर सही होती, बँकेत नोंद होती. चोरीचा पुरावा बँकेत राहतो. मॅकडॉनेलसारख्या प्रकरणातला पुरावा बँकेत नसतो, आणि शिक्षेतला फरक तिथून सुरू होतो.

डिक्सननंतर राज्याने नियम केला की ऑडिटचा अहवाल आणि ऑडिटरचं व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्र प्रत्येक निवडून आलेल्या सदस्याच्या हातात पडलं पाहिजे. पूर्वी ते पत्र अनेक ठिकाणी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्याच टेबलावर जायचं.

चोरी आणि मेहेरबानी यांच्या मधलाही एक प्रकार आहे: नियम स्वतःच बदलून घ्यायचे. लॉस एंजेलिसजवळचं बेल हे गरीब, बहुतांश स्थलांतरितांचं गाव. २००५ मध्ये तिथे एक विशेष निवडणूक झाली, चारशेहूनही कमी लोकांनी मत दिलं, आणि गावाला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराचे बरेच नियम स्वतः ठरवायचा अधिकार, मिळाली. सनद मिळाल्यामुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा उठली. पाच वर्षांनी लॉस एंजेलिस टाइम्सच्या दोन वार्ताहरांनी आकडे काढले: शहर व्यवस्थापक रॉबर्ट रिझो यांचा वार्षिक पगार जवळपास ७ लाख ८८ हजार डॉलर, राष्ट्राध्यक्षांच्या पगाराच्या दुपटीजवळ. पोलीसप्रमुख साडेचार लाखांच्या वर. अर्धवेळ नगरसेवक लाखभर. त्याआधी एका रहिवाशाने माहिती मागितली होती, तेव्हा त्याला खोट्या, कमी आकड्यांचा कागद देण्यात आला होता. रिझोंना पुढे बारा वर्षांची शिक्षा झाली.

बेलमधली ती बातमी पाच वर्षं उशिरा आली, कारण त्या गावाच्या बैठकांना बसणारा वार्ताहर कुठल्याच पेपरकडे उरला नव्हता. अमेरिकेतली स्थानिक वर्तमानपत्रं झपाट्याने बंद पडत आहेत आणि माझ्या मते या देशातल्या सार्वजनिक जबाबदारीला त्याचा जेवढा फटका बसलाय तेवढा कुठल्याही निकालाचा बसलेला नाही. अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेबही मांडलाय: पेपर बंद झाला की त्या भागातल्या पालिकांना रोख्यांवर किंचित जास्त व्याज द्यावं लागतं. रोखे घेणाऱ्यांना कळतं की आता वही बघणारं कुणी नाही, आणि ते त्याची किंमत लावतात.

वरच्या पातळीबद्दल थोडं. केंद्रीय खात्यांमध्ये १९७८ च्या कायद्याने नेमलेले 'इन्स्पेक्टर जनरल', म्हणजे खात्याच्या आतले तपासनीस, असतात, आमचेच मोठे भाऊबंद म्हणा. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांतल्या सतराच्या आसपास लोकांना एका रात्रीत काढलं. कायद्याने काँग्रेसला तीस दिवस आधी कळवायचं असतं, ते झालं नाही. त्यानंतर महिनाभरात न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्यायचा आदेश आला, तेव्हा सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी तसं करण्यापेक्षा राजीनामा दिला. माफीचा अधिकार मात्र दोन्ही पक्षांचे अध्यक्ष सढळ हाताने वापरतात. सिनेटची जागा विकायला काढलेल्या ब्लागोयेविच यांची चौदा वर्षांची शिक्षा ट्रम्प यांनी २०२० मध्ये कमी केली आणि २०२५ मध्ये पूर्ण माफी दिली. क्रंडवेलची उरलेली शिक्षा बायडन यांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये माफ केली. त्याच यादीत पेनसिल्व्हेनियाचे एक न्यायाधीशही होते, खासगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून पैसे घेऊन मुलांना तिथे धाडणाऱ्या जोडगोळीतले. डिक्सनच्या लोकांना काय वाटलं असेल ते वेगळं लिहायला नको.

शेवटी तुमच्या भावाच्या उपयोगाचं. आपली मंडळी उमेदवारांच्या निधी-जेवणांना हौसेने जातात, फोटो काढतात. एच-वन-बी व्हिसावर असेल तर त्याने केंद्र, राज्य, गाव, कुठल्याही निवडणुकीत एक डॉलरही देऊ नये, ते बेकायदा आहे. ग्रीन कार्ड असेल तर देता येतं. 'तू तुझ्या नावाने चेक दे, मी तुला पैसे परत करतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. हे अगदी सहज बोललं जातं आणि तो सरळ गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये याच प्रकारचा गुन्हा कबूल केला होता, रक्कम फक्त वीस हजार डॉलर. (त्यांनाही पुढे अध्यक्षीय माफी मिळाली, पण तेवढ्या भरवशावर राहू नये.) अनेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, त्यांनी व्यासपीठावरून कुणा एका उमेदवाराचा प्रचार केला तर ती सवलत धोक्यात येते.

आणि गावाची वही त्याला स्वतः बघता येते. इलिनॉयमध्ये माहिती मागायला नागरिकत्व लागत नाही, त्या गावात राहावंही लागत नाही. भारतातला माहिती अधिकार नागरिकांपुरता आहे, हा त्यातला फरक. मात्र व्हर्जिनिया आणि टेनेसीसारख्या राज्यांत फक्त तिथल्या नागरिकांनाच मागता येते, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालेल असं म्हटलंय. न्यू जर्सीत २०२४ च्या दुरुस्तीने तिथला माहितीचा कायदा बराच बोथट केला, तेव्हा तिथे अर्ज जपून आणि नेमका लिहावा.

पगार आणि मोठी कंत्राटं सगळेच मागतात. मी असतो तर आधी तीन कागद मागितले असते: गेल्या तीन वर्षांची ऑडिटरची व्यवस्थापनाला लिहिलेली पत्रं, एकाच निविदाकाराचा प्रतिसाद आलेल्या कंत्राटांची यादी, कंत्राटाच्या वाढीव बिलांसकट, आणि संस्थेच्या करदाता क्रमांकावर उघडलेल्या सर्व बँक खात्यांची नावं, खातेक्रमांक झाकून दिले तरी चालतील. इलिनॉयमध्ये उत्तर कामकाजाच्या पाच दिवसांत यायला हवं, पहिली पन्नास पानं फुकट. नकार आला तर साठ दिवसांच्या आत राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातल्या 'पब्लिक ॲक्सेस काउन्सेलर'कडे दाद मागायची. त्याला वकील लागत नाही, ईमेल पुरतो.